चाक मोठं, टायर पातळ: वाकणाऱ्या आणि तडकणाऱ्या अलॉयबद्दल वाचकांचे प्रश्न

महागड्या गाड्यांच्या १८, १९ आणि २० इंची अलॉय (ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या) चाकांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी दोष धातूला दिला आहे. धातूची दुखणी आहेतच आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. पण ज्या पत्रांत रिम वाकल्याची तक्रार आहे, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी कमी पडली आहे ती टायरमधली हवेची उशी. म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : गाडी जर्मन सेडान, चाकं १९ इंची. एकाच पावसाळ्यात दोन रिम आतल्या बाजूने वाकल्या, बाहेरून साधा ओरखडाही नाही. आधीच्या हॅचबॅकला १५ इंची चाकं होती. याच रस्त्यावर सात वर्षं चालवली, काही झालं नाही. एवढ्या महाग गाडीची चाकं इतकी कच्ची कशी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : हिशेब मांडून बघू. बीएमडब्ल्यू ३ सीरिजची एफ३० ही पिढी उदाहरणाला सोयीची आहे, कारण तिला कंपनीनेच चार मापं दिली होती. १६ इंचाला २२५/५५, १७ ला २२५/५०, १८ ला २२५/४५ आणि १९ ला पुढे २२५/४०, मागे २५५/३५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. टायरसकट चाकाचा व्यास चारही मापांत ६५४ ते ६६३ मिमी, म्हणजे जवळपास तोच. रिम वाढली तेवढी टायरची भिंत घटली. पुढच्या चाकाची भिंत १६ इंचाला १२४ मिमी, १७ ला ११३, १८ ला १०१ आणि १९ ला ९० मिमी.

आता यातली सगळी भिंत दबायला मोकळी नसते. रिमची कड सुमारे १७ मिमी वर आलेली असते. टायरचा नक्षीचा भाग आणि त्याखालचे पट्टे मिळून साधारण १५ मिमी जातात. गाडीच्या वजनानेच टायर २० मिमीच्या आसपास बसलेला असतो. वजा करा: १६ इंची चाकात धक्का झेलायला ७२ मिमी उरतात, १९ इंचीत जेमतेम ३८. खड्ड्याची कड आत घुसते तेव्हा एवढंच हाताशी असतं. ते संपलं की रबर मध्ये चेपतं आणि पुढचा मार धातू खातो. १५ इंची चाकाच्या हॅचबॅकला ही उशी जास्त होती आणि गाडीही हलकी होती.

आतूनच का वाकली? चाकाचे आरे बाहेरच्या तोंडाशी असतात आणि आतली बाजू एखाद्या पिंपासारखी नुसतीच पुढे गेलेली असते. प्लास्टिकची बादली घेऊन बघा. बुडाशी दाबली तर हलत नाही, तोंडाच्या कडेला दाबली की लगेच अंडाकृती होते. चाकाचं बूड म्हणजे आऱ्यांची बाजू आणि तोंड म्हणजे आतली कड. त्यात या गाड्यांची चाकं वरच्या टोकाला थोडी आत झुकलेली असतात, त्यामुळे टायरच्या आतल्या काठावर भार मुळातच जास्त. बाहेरून चाक चकचकीत आणि आतून वाकलेलं, हे दृश्य म्हणूनच नेहमीचं आहे. टायरवाल्याकडे चाक बाहेरून दाखवून 'ठीक आहे' म्हणवून घेतलंत तर काहीच कळणार नाही. चाक उतरवून आतली कड बघायला सांगा.

तुमच्या गाडीला रनफ्लॅट टायर असतील तर आणखी एक गोष्ट. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किमी वेगाने सुमारे ८० किमी जाता यावं म्हणून त्यांच्या भिंतीत जाड, ताठ रबराचा थर असतो. तो थर धक्का मुरवत नाही, बराचसा रिमच्या कडेकडे पोचवतो. शिवाय हवा सात-आठ पीएसआयने उतरली तरी टायर फुगलेलाच दिसतो. साध्या टायरला डोळ्यांनी जे कळतं ते इथे कळत नाही.

टायरचा ताठपणा मुख्यतः हवेच्या दाबातून येतो. ३३ पीएसआय हवे असताना २६ असतील, तर त्याच धक्क्याला टायर बराच जास्त दबतो आणि ते ३८ मिमी लवकर संपतात. म्हणून १९ इंची चाकावर हवा महिन्यातून एकदा तरी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासा.

खड्डा टाळता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक कडेवर जाण्याआधी पाय उचला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली जातं आणि पुढची स्प्रिंग, पुढचे टायर आधीच दबलेले असतात. खड्डा चुकवायला ऐन वेळी मारलेली हलकी वळणी तर सर्वांत वाईट. तेव्हा चाक कडेला तिरपं भेटतं आणि मार भिंतीवर व आतल्या कडेवर एकवटतो.

प्रश्न : डाव्या पुढच्या चाकातली हवा आठवड्याला तीन-चार पीएसआय उतरत होती. टायर काढल्यावर रिमच्या आतल्या कडेला केसाएवढी तडा दिसली. गॅरेजवाला म्हणतो, अर्गन वेल्डिंग मारून, घासून, रंगवून देतो, कळणारही नाही. करून घेऊ का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. 'कळणारही नाही' हीच यातली खरी भीती आहे.

कारखान्यातली बहुतेक अलॉय चाकं ए३५६ या मिश्रधातूची असतात: ॲल्युमिनिअममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्के मॅग्नेशिअम. ओतल्यानंतर चाक ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवतात, पाण्यात बुडवून झटकन थंड करतात आणि मग १५० ते १८० अंशांत पुन्हा काही तास शिजवतात. या क्रमाला टी६ म्हणतात. त्यात मॅग्नेशिअम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि चाकाची ताकद त्यांच्यावर उभी असते. वेल्डिंगची जागा वितळते, म्हणजे तिथला टी६ संपला. तिच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटरपर्यंत धातू इतका तापतो की ते कण मोठे आणि विरळ होतात. धातू तिथे मऊ पडतो. फोर्ज्ड (ओतण्याऐवजी प्रचंड दाबाने घडवलेल्या) चाकांच्या ६०६१-टी६ धातूत तर वेल्डच्या शेजारची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. ती परत आणायची तर अख्खं चाक पुन्हा ५४० अंशांच्या भट्टीतून न्यावं लागेल आणि गॅरेजात ते होत नाही.

नंतर काय होतं? वेल्ड स्वतः टिकतं. त्याच्या शेजारच्या मऊ पट्ट्यात, पुढच्या एखाद्या खड्ड्यात, नवी तडा सुटते. ती घासलेल्या आणि रंगवलेल्या थराखाली असते म्हणून दिसत नाही. ती कधी उघडेल हे तुमच्या हातात नसतं, आणि द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमीने जाताना पुढच्या चाकातली हवा एका क्षणात गेली तर गाडी सावरायला फारच थोडा अवकाश मिळतो. बहुतेक गाडी-कंपन्या तडकलेलं चाक वेल्ड करायला किंवा तापवून सरळ करायला परवानगीच देत नाहीत. ते चाक भंगारात द्या, आणि देण्याआधी कड कापून टाका, म्हणजे ते रंगवून दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसणार नाही.

नुसतं वाकलेलं, न तडकलेलं चाक दाबयंत्रावर सरळ करून देणारे बरेच आहेत. आमचं मत असं: आतल्या कडेचा एक-दोन मिमीचा बसका वाक, चाक न तापवता हळू दाबून काढला, आणि नंतर तडा तपासली, तर जोखीम मर्यादित राहते. आऱ्याजवळचा, हबजवळचा (चाक गाडीला जिथे बोल्टांनी बसतं त्या मधल्या भागाजवळचा) किंवा एका जागी टोकदार घडी पडलेला वाक सरळ करू नये. एकदा सरळ केलेली जागा दुसऱ्यांदा वाकली तर तेही चाक निवृत्त करा.

तपासणी कशी होते तेही माहीत असू द्या, म्हणजे नीट केली की नाही ते बघता येईल. टायर काढायचा. संशयित जागेचा रंग रासायनिक स्ट्रिपरने काढून धातू उघडा करायचा, कारण रंगाच्या थराखालची तडा दिसत नाही. सॅंडब्लास्ट केलं तर धातू पसरून तडेचं तोंड बुजतं. मग लाल भेदक रंग फवारून १० ते १५ मिनिटं थांबायचं. वरचा रंग क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसायचा. क्लीनर थेट चाकावर फवारला तर तडेतला रंगही धुऊन जातो आणि तडा नाही असं वाटतं. शेवटी पांढरा डेव्हलपर मारायचा. काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर ती तडा.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो, असं आमचा टायरवाला सांगतो. खरं का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : उलट आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने टायर तापतो आणि उन्हात तापूनच फुटतो. तापमान पाच-साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो, हे टायर बनवताना धरलेलंच असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत जो आकडा आहे, तो सकाळी, गाडी निघण्याआधी भरा. दुपारी गरम टायरमधून हवा काढू नका. चाकाच्या प्रत्येक मापाला आणि गाडीतल्या माणसांच्या संख्येला त्या तक्त्यात वेगळा आकडा असतो. तुमच्या मापाचीच ओळ वाचा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर ताशी ११० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. तीन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, मशीन शून्य दाखवतं. आता काय?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : बॅलन्सिंग मशीन वजनाचा तोल बघतं, आकार बघत नाही. वाकलेल्या रिमचा तोल वजनं चिकटवून शून्यावर आणता येतो, पण चाक गोल होत नाही. ६६ सेंमी व्यासाचं चाक ताशी ११० ला सेकंदाला जवळपास १५ फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्याला उंचवट्याचा एक ठोका देतं. तीच तुमची थरथर. ती स्टिअरिंगला जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटला आणि पायाखाली जाणवत असेल तर मागच्या.

मशीनवर चाक हळू फिरवून डायल गेज लावायला सांगा. टायर काढून, जिथे टायर बसतो त्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांवर वर-खाली आणि आत-बाहेर किती डग आहे ते मोजायचं. अलॉयसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा १ मिमी किंवा त्याहून कमी असते. रिम मर्यादेत निघाली तर टायर मोजा. टायरचा उंच भाग आणि रिमचा खोल भाग एकमेकांसमोर आणून टायर पुन्हा चढवला की बऱ्याचदा त्रास निम्म्यावर येतो. टायरवर रोलर दाबून, भार देऊन मोजणारं मशीन मोठ्या शहरांतल्या काही टायर-दुकानांत असतं. तुमच्या तक्रारीला तेच योग्य.

दोन साध्या गोष्टी मात्र आधी बघा. चाक उतरवलं की हबच्या सपाट तोंडावर गंजाची खपली आहे का? ती तारेच्या ब्रशने साफ न करता चाक आवळलं तर सरळ चाकही तिरपं बसतं. आणि चाकं बाजारातली असतील तर मधलं भोक गाडीच्या हबशी जुळतं का? एफ३० च्या हबचं माप ७२.६ मिमी आहे. भोक त्याहून मोठं असेल तर मधली जागा भरणारी रिंग हवी. ती नसेल तर चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येतं, आणि दर वेळी थोडं वेगळ्या जागी.

प्रश्न : चार वर्षांत अलॉयच्या चकाकत्या तोंडावर लाखेच्या आत पांढऱ्या, अळीसारख्या रेघा पसरल्या आहेत. दोन चाकांतली हवाही हळूहळू उतरते, पंक्चर सापडत नाही.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमची चाकं डायमंड-कट आहेत. अशी चाकं आधी रंगवतात, मग लेथवर तोंडाचा पातळ थर कापून उघडं ॲल्युमिनिअम चमकवतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लाख देतात. आऱ्यांच्या धारदार कडांवर ही लाख सर्वांत पातळ बसते. एक खडा उडाला किंवा टायर चढवताना लोखंडी पट्टी घसरली की तिथे टवका उडतो. समुद्राची खारी हवा आत शिरते आणि गंज लाखेखालून धाग्यासारखा सरकत जातो. वरून पॉलिश करून काहीच होत नाही, कारण रेघ लाखेच्या खाली आहे.

पुन्हा डायमंड-कट करता येतं, पण दर वेळी धातू कापला जातो. दोनदा झाल्यावर तिसऱ्यांदा करू नये. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना आमचा सल्ला वेगळा आहे: चमकत्या तोंडाचा मोह सोडा आणि चारही चाकांना सगळीकडून पावडर कोटिंग करून घ्या. ते करताना कारागिराला तीन गोष्टी बजावून सांगा.

पहिली, भट्टीचं तापमान. पावडर साधारण १८० ते २०० अंशांत पंधरा-वीस मिनिटं भाजतात. वर सांगितलेला टी६ याच आकड्यांच्या अगदी जवळ शिजलेला असतो, म्हणून चाक एकदा भाजलं तर चालतं, पण रंग आवडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा भट्टीत घालू नये. दुसरी, हबला टेकणारं मागचं सपाट तोंड आणि बोल्टांच्या खोबणी झाकून ठेवायच्या. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो गाडी चालताना दबतो आणि आवळलेले बोल्ट सैल पडतात. हे दुर्लक्ष चाक निखळण्यापर्यंत जाऊ शकतं. तिसरी, टायर बसतो त्या आतल्या कडा नुसत्या घासून गुळगुळीत करायच्या आणि तिथे पातळ थर द्यायचा.

तुमच्या उतरणाऱ्या हवेचं कारण बहुधा त्याच कडांवर आहे. तिथे गंजाची पांढरी भुकटी साचली की टायर आणि धातू यांच्यात बारीक वाट तयार होते. चाक उतरवून, दाब पूर्ण भरून, दोन्ही कडांवर, व्हॉल्व्हभोवती आणि रिमच्या आतल्या अंगाला साबणाचं पाणी फवारा आणि पाच मिनिटं बघत बसा. घाई केली तर बारीक बुडबुडे निसटतात. बुडबुडे कडेवर सलग येत असतील तर गंज, एकाच बिंदूतून रिमच्या पोटातून येत असतील तर तडा.

व्हॉल्व्ह बघताना हेही बघा की हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनिअमचा आहे का. त्यात साधी पितळी पिन बसवली तर खाऱ्या हवेत ती आत गंजून अडकते आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. निकेलचा मुलामा असलेली पिन मागा. त्यावर टोपी कायम असू द्या, तीसुद्धा प्लास्टिकची.

धुताना आम्ल असलेला व्हील क्लीनर वापरू नका. चाक थंड असताना साधा कार शाम्पू आणि भरपूर गोडं पाणी पुरेसं आहे.

प्रश्न : १९ वरून १७ इंचांवर यायचं ठरवलं आहे. मित्र म्हणतात गाडीची शान जाईल आणि स्पीडोमीटर चुकेल. बाकी काय बघावं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : चांगला निर्णय. वरचा हिशेब लावला तर १७ इंचाला धक्का झेलायला सुमारे ६० मिमी मिळतात, म्हणजे आतापेक्षा दीडपटीहून अधिक. टायरही स्वस्त पडतात. स्पीडोमीटर चुकत नाही, कारण २२५/५० आर १७ चा व्यास ६५७ मिमी आणि २२५/४० आर १९ चा ६६३, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत. माप बदलताना हा फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा.

अडचण आली तर ती ब्रेकची येते. त्याच मॉडेलला जास्त ताकदीच्या इंजिनाबरोबर मोठी डिस्क आणि रुंद कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) असतात, आणि मग लहान चाक बसतच नाही. दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात तुमचं माप छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. चाक चढवून हाताने पूर्ण फिरवा. कॅलिपर आणि रिमच्या मध्ये सगळीकडे किमान ३ मिमी मोकळं हवं, आणि चिकटवलेली वजनंही त्यात धरायची.

टायर घेताना भिंतीवरचा भार-निर्देशांक आधीच्यापेक्षा कमी घेऊ नका. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९० किलो प्रति टायर. बॅटरीवर चालणारी जड गाडी असेल तर एक्सएल किंवा एचएल (दोन्ही जास्त भार उचलणारे टायर) असं जे मूळ टायरवर लिहिलं आहे तेच मागा. एकाच मापाच्या साध्या टायरपेक्षा एचएल सुमारे २५ टक्के जास्त भार उचलतो, आणि साधा टायर त्या जागी आपटला की लगेच फुगा धरतो. फुगा म्हणजे भिंतीतले दोरे तुटलेले. त्यावर कुठलाही पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो.

गाडी चारही चाकांवर ओढणारी असेल तर एकच टायर नवा घालून चालत नाही. जुन्या-नव्या टायरच्या नक्षीच्या खोलीत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर व्यास वेगळे पडतात आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा भाग सतत घासत राहतो. तो बदलण्यापेक्षा टायर कितीही घेतले तरी स्वस्त.

प्रश्न : फोर्ज्ड चाकं घ्यावीत का? बाजारात हुबेहूब कंपनीसारखी दिसणारी चाकं पाव किमतीत मिळतात, ती कशी?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ओतीव चाकात धातू साच्यात ओतलेला असतो, त्यामुळे आत हवेची सूक्ष्म छिद्रं राहू शकतात. जोरात आपटल्यावर ते वाकण्यापेक्षा तडकण्याकडे झुकतं. फ्लो-फॉर्म्ड चाकाचं पिंप ओतल्यानंतर रोलरने दाबून ताणलेलं असतं, त्यामुळे आतली कड चांगली घट्ट होते. फोर्ज्ड चाक अख्ख्या ठोकळ्यातून प्रचंड दाबाने घडवलेलं असतं. ते हलकं असतं आणि तडकण्याआधी वाकतं. पण १९ इंची फोर्ज्ड चाकावरही उशी तीच ३८ मिमीची. रस्ते खराब असतील तर १९ च्या फोर्ज्डपेक्षा १७ चं कंपनीचं ओतीव चाक जास्त दिवस टिकेल, असं आम्ही स्पष्टच सांगू.

नकलेचं चाक बाहेरून ओळखता येत नाही, उलटं करून मागून वाचा. ८.५जे × १९ एच२ ईटी ४७ अशा खुणा असतील. ८.५ ही इंचांत रुंदी, जे हा कडेचा आकार, एच२ म्हणजे टायर घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंचे उंचवटे, आणि ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबचं तोंड किती मिमी बाहेर आहे ते. शेजारी किलोंमध्ये कमाल भार लिहिलेला हवा. गाडीच्या जड ॲक्सलवरचा भार आरसी किंवा तक्त्यातून घ्या, निम्मा करा, आणि चाकावरचा आकडा त्याहून जास्त आहे याची खात्री करा. भारच लिहिलेला नसेल तर ते चाक कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. भारतात आयएसआय, जपानी बनावटीवर जेडब्ल्यूएल ही चिन्हंही शोधा.

प्रश्न : ऑडीची वापरलेली मूळ चाकं स्वस्तात मिळत आहेत. गाडी मर्सिडीज आहे. दोन्हींचं ५ × ११२ (११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि भोकही जवळपास सारखंच. बसवू का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : बोल्टाची बैठक, म्हणजे बोल्टाचं डोकं चाकात जिथे टेकतं तो भाग, बघितल्याशिवाय नाही. दोन्हींचे बोल्ट एम१४ × १.५ (१४ मिमी जाड, आट्यांत १.५ मिमी अंतर) आणि दोन्हींची बैठक गोलाकार, पण गोलाई सारखी नाही: ऑडीची १३ मिमी त्रिज्येची, मर्सिडीजची १४. बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात एका बारीक कडेवरच टेकतो, म्हणून काही दिवसांत सैल पडतो. बीएमडब्ल्यूची बैठक तर शंकूसारखी, ती यात कुठेच चालत नाही. चाकाच्या खोबणीला जुळणारे, योग्य लांबीचे बोल्ट घ्या आणि ईटी व कमाल भार जुळतो का ते बघा. आवळताना टॉर्क पाना वापरा. एफ३० ला १४० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावू नका, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

प्रश्न : खड्ड्यात टायर फुटला, रिम तडकली. विमा कंपनी टायरचे पैसे देत नाही म्हणते.
(एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : मूळ पॉलिसीतलं कलम असंच आहे: गाडीचं बाकी काही नुकसान झालं नसेल तर फक्त टायर-ट्यूबचं नुकसान मिळत नाही, आणि झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच मिळतं. रिम धातूचा भाग आहे, तिच्यावर गाडीच्या वयानुसार घसारा कापतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला १० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणून दाव्यात रिम वेगळी लिहा. त्याच धक्क्यात खालचा आर्म किंवा शॉक वाकला आहे का ते लिफ्टवर तपासून फोटोसह लिहा. १८ इंचांवरच्या चाकांना टायर आणि रिमचं वेगळं कवच नूतनीकरणाच्या वेळी जोडून घेणं परवडतं. पण त्यात नुसता फुगा आणि नुसता वाक धरला आहे का, ते सही करण्याआधी वाचा.

प्रश्न : इथे मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यांची चाळण होते. हिवाळ्यासाठी वेगळी चाकं घ्यावीत असं सगळे सांगतात. २० इंचीचीच दुसरी जोडी घेऊ का?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : दुसरी जोडी कंपनीने मान्य केलेल्या सर्वांत लहान मापाची घ्या. फटींत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं, वितळताना बसतं आणि डांबर उखडतं, म्हणून थंडी सरतानाचेच खड्डे सर्वांत धारदार असतात. नेमक्या त्याच दिवसांत जास्त उशी हवी. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, हिवाळी टायर मऊ राहतात. रस्त्यावरचं मीठ डायमंड-कटचं काय करतं ते रत्नागिरीच्या उत्तरात आलंच आहे. हिवाळ्याची जोडी साध्या रंगवलेल्या चाकांची असू द्या.

गरम गॅरेजमध्ये २० अंशांत हवा भरून बाहेर उणे ५ मध्ये गेलात तर दाब चार-साडेचार पीएसआय उतरतो, तेवढा आधीच धरा. जोडी बदलल्यावर ५० ते १०० किमी गाडी चालवून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. काढलेली चाकं आतून-बाहेरून धुऊन, वाळवून, कुठलं चाक कुठलं ते खडूने लिहून, टायरसकट असतील तर आडवी एकावर एक रचा. नुसते टायर असतील तर उभे ठेवा.